कै. निताच्या गावात उत्तमसिंग

१४ जानेवारी २०२५, गोरेगाव

हिंगोली डेपोत कंट्रोलर होतो तेव्हा रोज लिहायचो. कोणती गाडी किती वाजता आली, किती लेट, लेट काहून. रिटायर झालो आन म्हणलं सुटलो एकदाचा. आज पुन्हा वही घेतली, कारण जे झालं ते कोणाला बोलता येत न्हाई आन पोटात ठेवलं तं मी फुटून मरीन.

पेन्शनीसाठी हयातीचा दाखला लागतो. आपण जिते हाव हे सरकारला अंगठा लावून दाखवायचं. त्यासाठी पुनमच्या ऑनलाइनच्या दुकानात गेलो. पुनम म्हणजे शेजारच्या आळीतली पोरगी, निताच्या वर्गातली. अंगठा झाला, तरी ती कागद देईना. मंग म्हणली, काका, रागवू नका, पण हे एकदा बघा.

तिच्या कंप्युटरवर एक गेम होता, नवखंड नावाचा. दुनियाभरातली माणसं त्यात जातात. ज्यानं त्यानं आपलं तोंड, कपडे, नाव आपल्या मनानं करायचं, राक्षस मारत हिंडायचं, आन वाटलं तं आपलं गाव बांधायचं. पुनमनं एक गाव उघडलं. म्या बघितलं आन खुर्ची धरली. आमचं गोरेगाव. बाजाराची पालं, सेनगावच्या जीपा, जीपंच्या मागं लोंबकळलेली माणसं, शेतात हळद शिजवायची कढई आन तिचा धूर. एसटीच्या स्टँडवर एक पोरगी उभी होती, हिरव्या पंजाबी ड्रेसातली. तिच्या डोक्यावर अक्षरं तरंगत होती: कै. निता.

माझ्या एकुलत्या एक पोरीचं नाव निता. 'कै.' म्या लावलं.

वहीत खोटं लिहायचं न्हाई, म्हणून सगळं लिहितो. जून २०२२ मधी तिनं हिंगोलीच्या रविंद्रशी रजिस्टर लग्न केलं. तो बौद्धाघरचा. आमच्या भावकीतले माणिकराव म्हणले, पोरगी मेली समज आन मोकळा हो. म्या खरंच मेली म्हणून सगळं केलं. कयाधू नदीवर पिंड पाडले, डोकं भादरलं, तेराव्याचं गावजेवण घातलं. तिचा फोटो हार घालून बैठकीत लावला. तेराव्याच्या पत्रिकेचा 'कै. निता' हा मजकूर माझ्या हातचा, तीस वर्सांचं वळणदार अक्षर. नर्मदा त्या दिवशी जेवली न्हाई. तेव्हापासून माझी बायको माझ्याशी कामापुरतं बोलती.

तीन वर्सं होतील. मी पोरीचा आवाज ऐकला न्हाई.

१७ जानेवारी

सोंग घेतलं.

पुनमनं माझ्या फोनात गेम टाकून दिला. म्या अट घातली, कोणाला बोलायचं न्हाई, माझ्या घरी तं अजिबातच न्हाई. ती म्हणली, मी कशाला बोलू काका. मंग तिथं आधी आपलं माणूस घडवायचं असतं. नाक ओढलं की लांब होतं, गाल दाबले की आत जातात. पंचवीस वर्सांचा गबरू गडी करायला बसलो, पण कितीबी ओढलं-दाबलं तरी तोंड आमच्या बापावानीच होऊन राहिलं. वैतागून भल्या मोठ्या मिशा लावल्या. आता कोणाचा बाप वळखंल?

कपड्याचं गठुडं उघडलं तं चिलखतं, पंख, शिंगं. खाली एक यादी, खेळणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या कपड्यांची. त्यात 'कै. निता यांनी शिवलेले': धोतर, बंडी, रुमाल, लुगडं, आन एसटीचा खाकी ड्रेस. खाकीच्या खिशाला पेन लावलेला. माझाच तो. लई वाटलं घालावा. पण घातला असता तं पकडला गेलो असतो, म्हणून धोतर-बंडी घेतली. नाव ठेवलं उत्तमसिंग. माझ्यासंगं डेपोत ड्रायव्हर होता, तांड्यावरचा, देवमाणूस. गेला बिचारा. त्याचं नाव घेतलं म्हणून रागवायचा न्हाई.

नुसतं बघून यायचं. बोलायचं न्हाई.

२० जानेवारी

बोललो.

आधी वेशीतून आत जाता जाता विहिरीत पडलो. अंगठा कुठं दाबावा ते कळंना. वर आलो तं उलटाच चालून राहिलो, जीपंला धडकलो. हाटेलात लोखंडी चिलखतातला कोण्या देशाचा गडी भजे खात बसला होता, तो हसला. तेवढ्यात हिरवा ड्रेस समोर आला. तिथं बोलायचं म्हणजे टाइप करायचं, अक्षरं डोक्यावर उमटतात. तिनं लिहिलं, नवीन दिसता, कुठले? म्या एका बोटानं लिहिलं, पुसदचा ड्रायव्हर, उत्तमसिंग. 'ड्रायव्हर' तीन वेळा खोडून लिहिलं.

तिनं गाव दाखवलं. शाळा, दर्ग्याकडची गल्ली, आमच्या घराला जाणारा बोळ. बोळात नेलं न्हाई. स्टँडवर आलो तं वेळापत्रकाचा बोर्ड. बोर्ड बघून माझं टाळकं सटकलं. सेनगाव गाडी ७.१० लिहिलेली. अवो, ती ७.२५ ची हाय! हिंगोली जलदबी चुकीची. म्या धडाधडा सहा गाड्यांचे टाइम सांगून टाकले. तिनं लिहिलं, एवढं पाठ कसं तुमाला? म्या लिहिलं, ड्रायव्हर हाव ना. तिनं तिथंच बोर्ड बराबर केला.

पोरीला बराबर शिकवलं. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नर्मदा बघत होती.

३ फेब्रुवारी

रोज दुपारी हळदीच्या खोलीत जातो. नर्मदाला सांगितलं, पोती मोजतो. ती म्हणली, मोजा.

निता मला उत्तमसिंगदादा म्हणती. आमी बांधावर बसतो. ती ज्वारीचं एक एक कणीस हातानं घडवती, नवखंडात असलं तयार भेटत न्हाई म्हणती. तिनं घडवलेल्या गावात लांबलांबून लोक येतात. परवा एक हिरवा राक्षस आला, जीपंच्या टपावर बसून सेनगावला गेला. म्या त्याला खाली उतरवलं. टपावर बसायचं न्हाई म्हणजे न्हाई. निता हसली. तिथं हसण्याचं बटण असतं, पण तिनं लई वेळ दाबलं.

मंग तिनं विचारलं, दादा, लेकरंबाळं किती तुमाला?

मी असा फसणारा न्हाई. लिहिलं, एकबी न्हाई, सडाफटिंग हाव.

ती म्हणली, बरं. आन काम हाय म्हणून लवकर गेली. कसं चपळाईनं सांगितलं म्या, एक क्षणबी अडखळलो न्हाई.

८ फेब्रुवारी

नर्मदा डिंकाचे लाडू करून राहिली. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर डिंकाचे लाडू काहून, म्हणून विचारलं. तिच्या बहिणीच्या सुनेला दिवस गेलेत म्हणं. ती बहीण हिंगोलीला असती. फोनबी लई वाढलेत तिचे. मी आलो की नर्मदा परसात जाऊन बोलती. बायकांचं काय बोलणं असतं मला ठाऊक न्हाई. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून राहिली, सात झाली. नाकापरीस मोती जड. भाचसुनंसाठी एवढं कोण करतं?

पुनम लिंबू न्यायला आली आन दोघी तासभर बसल्या. मला बघून पुनम उठली.

१२ फेब्रुवारी

आज तिनं मला बोळात नेलं.

आमचं घर. दाराची मोडकी कडी, पायरीवरचा पाट्याचा दगड, सगळं जिथल्या तिथं. बाहेर म्या चपला काढायला गेलो तं काढता येईनात, नवखंडात पायातलं निघत न्हाई. दारातच घुटमळलो. ती म्हणली, या, राहू द्या. बैठकीत भिंतीवर फोटो. हिरव्या ड्रेसातली पोरगी, हार घातलेली. खाली कुंकवाचा डाग. आमच्या फोटोच्या काचंवर तसाच डाग हाय, तेराव्याला पडला. तिनं तं घर सोडल्यावर पाऊल टाकलं न्हाई. तिला कोण सांगतं?

तिनं लिहिलं, ही वारली. कशानं वारली असंल, दादा?

म्या केलं, म्या, असं लिहायचं होतं. बोट अक्षरावर होतं. पण तिथल्या गावाच्या मालकाला एक हक्क असतो. नको असलेल्या माणसाला वेशीबाहेर काढलं की तो पुन्हा आत येऊ शकत न्हाई. निता मला काढंल. मंग मला तिचा हिरवा ड्रेसबी दिसणार न्हाई. भ्यालो मी. सरळ लिहितो, भ्यालो.

लिहिलं, आजारानं वारली असंल.

ती म्हणली, व्हय, असंल.

घरी येऊन म्हणजे हळदीच्या खोलीतून बाहेर येऊन बैठकीत गेलो. फोटोसमोर उभा राहवेना. मी कसला माणूस हाव?

१९ फेब्रुवारी

तिच्या शेतात हळद शिजवली. खरी हळद इकडं आमच्या रानात शिजून राहिली, गडी आवाज देत होते, आन मी फोनात खोटी शिजवत बसलो. तिनं विचारलं, शिजली कशी कळती? म्या सांगितलं, हळदीच्या कांद्यात काडी घालायची, सहज गेली तं शिजली. तिनं कढईशेजारी काडी ठेवली. आता दुनियाभरातले लोक काडी घालून बघतात.

निता आजकाल सारखी बसती. म्हणली, उभं राहवत न्हाई हल्ली, पाठ भरून येती. म्या रागावलो, कंप्युटरसमोर बसून बसून पाठीचं वाटोळं करून घेतलंस, उठून चालत जा. ती म्हणली, डॉक्टरीणबाईबी तेच म्हणत्यात. पाठीसाठी डॉक्टरणीकडं जाती म्हणजे जास्तच दिसतं. रविंद्र काळजी घेतो का न्हाई कोण जाणे. विचारता येत न्हाई. उत्तमसिंगला तिच्या नवऱ्याचं नाव ठाऊक नसतंय.

माणिकराव आले होते. त्यांच्या धाकट्या पोरीसाठी स्थळ बघतात. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, रामकिशननं जे केलं ते करायला मरदाचं काळीज लागतं. चार जणांनी माना हलवल्या. नर्मदा चहा घेऊन आलती, तशीच परत गेली.

२७ फेब्रुवारी

खेळ बंद होऊन राहिला.

उघडलं की नोटीस येती. ३१ मार्चला सायंकाळी साडेपाचला नवखंडाचं सर्व्हर बंद. खेळणाऱ्यांनी बांधलेलं, शिवलेलं, घडवलेलं सगळं कायमचं पुसलं जाईल. पुनमला विचारलं, गाव कागदावर काढून घेता येत न्हाई का? ती म्हणली, चित्र काढता येतं काका, पण गाव न्हाई. आन माणूस तं न्हाईच न्हाई.

बत्तीस दिवस.

हिंगोलीला जाऊन सरळ तिच्या दारात उभं राहावं. एसटीनं दीड तास लागत न्हाई. कितीदा मनात आलं. पण तिथं मिशा न्हाईत, धोतर न्हाई, उत्तमसिंग न्हाई. तिथं मी असणार, तिचं तेरावं घातलेला.

९ मार्च

आज लिहिताना हात चालत न्हाई.

निता दुपारी आली. आमी स्टँडवर बसलो. कोणीच न्हवतं, लोक आता यायचे बंद झालेत, जो तो दुसऱ्या खेळात चाललाय. तिनं लिहिलं, आता मला काही दिवस येता यायचं न्हाई. मंग लिहिलं:

"गाव पुसायच्या आधी ज्याला जे सांगायचंय त्यानं ते सांगून घ्यावं. उत्तमसिंगदादा, तुमाला काही सांगायचंय का मला?"

म्या वाचलं. पुन्हा वाचलं. मनात म्हणलं, रामकिशन, आता. मंग वाटलं, ती येऊन राहिली न्हाई काही दिवस, आज नाराज करून पाठवलं तं ३१ तारखेलाबी यायची न्हाई. पुढच्या वेळी सांगू. शेवटच्या दिवशी सांगू, म्हणजे काढून द्यायला वेसच राहायची न्हाई.

लिहिलं, न्हाई बा, मला काय सांगायचं असणार?

ती उठली. हिरवा ड्रेस विझून गेला. जाताना नमस्काराचं बटण दाबती रोज, आज दाबलं न्हाई. विसरली असंल.

१४ मार्च, धुळवड

पाच दिवस स्टँडवर उभा हाव. निता न्हाई.

नर्मदा बहिणीकडं गेली हिंगोलीला, सुनंचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून. पिशव्या भरभरून. लाडू, दुपटी, बाळंतशेपा. जीपंत बसवून दिलं. ती म्हणली, "अवो, तुमाला काही विचारायचं न्हाई का मला?" म्या म्हणलं, कधी येशील ते सांग, भाकरीचं काय करू? तिनं तोंड फिरवलं.

एकटा हाव घरात. फोटोला हार नवा घालायचा असतो महिन्याला, नर्मदानं कधी घातला न्हाई, मीच घालायचो. या महिन्यात घातला न्हाई. सुकलेला काढलाबी न्हाई. त्याला हात लावायची भीती वाटती.

२२ मार्च

निता न्हाई. तिच्या गावाचं एक एक पुसून राहिलं का मलाच तसं दिसून राहिलं, कळत न्हाई. बाजारात मी एकटा. ओरडावं वाटतं, पण तिथं ओरडायचं बटण न्हाई. काय बोललो मी तिला असं? आठवून आठवून बघतो. मी तं तिच्याशी एकही शब्द वाकडा बोललो न्हाई.

देवा, एकदा येऊ दे. सगळं सांगतो. पायावर डोकं ठेवतो, पोरीच्या पायावर बापानं डोकं ठेवू नये म्हणतात, तरी ठेवतो.

३१ मार्च

आली!

सकाळी उघडलं तं स्टँडवर हिरवा ड्रेस उभा. डोक्यावर नावाशेजारी एक छोटी टोपली. असंल काही नवीन. म्या नमस्कार केला. ती बोलली न्हाई. आता रागावलेलीच असणार, म्हणून मीबी गप राहिलो. शेतावर चक्कर मारली, घराकडं जाऊन आलो. ती तिथंच. तीन वाजता ठरवलं की आता न्हाई तं कधीच न्हाई. दार लावलं आन लिहायला लागलो.

निता, मी उत्तमसिंग न्हाई. मी तुझा अप्पा.

थांबलो. वाटलं आता वेशीबाहेर फेकला जाईन. न्हाई फेकलं. ती उभी. ऐकून राहिली होती! मंग थांबलोच न्हाई. लिहिलं, तुझं तेरावं म्या घातलं. माणिकरावानं सांगितलं पण घातलं म्या, माणिकरावाच्या बापाचं काय जातंय. पिंडाला कावळा शिवंना, तेव्हा मनात आलं होतं की जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल, तरी उठलो न्हाई. लोक बघत होते म्हणून. रविंद्रचं म्या तोंडबी बघितलं न्हाई, नुसती जात ऐकली. तुझी आई तीन वर्सं मुकी झाली. रोज स्टँडवर हिंगोली गाडी लागली की उतरणारे मोजतो. उतरणाऱ्यात तू नसतीस. मला लाज वाटती. तू जिती हाईस हे मला रोज ठाऊक होतं. माफी माग म्हणशील तं गावात, बाजारात, जिथं म्हणशील तिथं मागतो. काही तं बोल.

एका बोटानं लिहायला अडीच तास लागले. रडत होतो, काच ओली झाली की अक्षर उमटंना, ती रुमालानं पुसायची आन पुन्हा. ती एक शब्द बोलली न्हाई. पण गेलीबी न्हाई. साडेपाचला म्या 'घरी ये' लिहून राहिलो होतो, 'घरी' झालं आन पडदा काळा झाला. मंग एक ओळ आली, नवखंडाच्या सर्व रहिवाशांचे आभार.

पण ऐकलं तिनं. सगळं ऐकलं. हलकं वाटून राहिलं.

२ एप्रिल, हिंगोली

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लिहितो.

काल सकाळी पुनमकडं गेलो. तिला सांगितलं, निता दिवसभर स्टँडवर होती, माझं सगळं ऐकलं. पुनमनं विचारलं, डोक्यावर टोपली होती का? होती म्हणलं. ती म्हणली, काका, टोपली म्हणजे माणूस तिथं नसतं. दुकान लावून ठेवलेलं असतं, नुसतं सोंग उभं राहतं. शेवटच्या दिवशी तिनं तिचे कपडे वाटायला ठेवले असतील. टोपलीत एखाद्याच्या नावानं निरोपबी ठेवता येतो, तुमी हात घालून बघितलं का?

म्या न्हाई बघितलं. मला ठाऊकच न्हवतं. अडीच तास समोर उभा होतो. काय होतं त्यात, आता कोणाला सांगता येणार?

तेवढ्यात नर्मदाचा फोन. ती बहिणीकडं न्हवतीच. म्हणली, निता आदल्या दिवशी दुपारी बाळंत झाली, सिझर झालं, पोरगी हाय. माझ्या तोंडातून निघालं, तूच तिला फोटोचं सांगितलंस तं. त्यावर नर्मदा जे बोलली तेवढं ती मागच्या तीन वर्सांत मिळून बोलली नसंल.

"तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तोंड तुमच्या बापावानी दिसलं, म्हणून बोर्डावर चुकीचे टाइम तिनंच टाकले, तुमी बराबर करता का बघायला. घरी फोन करून हसली, रडली. म्हणली, आई, अप्पा आलेत. मंग रोज तुमाला विचारत राहिली. लेकरं किती विचारलं, तुमी एकबी न्हाई म्हणले. कशानं मेली विचारलं, तुमी आजार सांगितला. शेवटी सरळ विचारलं. तेरावं लोकांच्या भीतीनं घातलं, आई, म्हणली, पण तिथं तं लोक न्हवते. तिथं मी आन अप्पाच होतो."

फोन कानालाच राहिला. मी चपळाईनं उत्तर दिलं म्हणून वहीत लिहून ठेवलंय. कितीदा मारलं म्या माझ्या लेकराला?

अंगावरच्या कपड्यानं निघालो. जीपस्टँडवर माणिकराव चार जणांत बसलेले. विचारलं, रामकिशन, कुठं? म्या म्हणलं, पोरगी बाळंत झाली, तिच्याकडं. ते म्हणले, कोणती पोरगी? म्या म्हणलं, मला एकच हाय, निता. ते म्हणले, तिचं तं आमी जेवण जेवलो. म्या म्हणलं, फुकट जेवले. जीप भरली न्हवती, पंधरा मिनिटं त्यांच्यासमोरच उभं राहावं लागलं. राहिलो.

दवाखान्यात रविंद्र भेटला. पहिल्यांदाच बघितला. लेकराच्या जागरणानं डोळे लाल, हातात थर्मास. मामा, बसा म्हणला आन आत गेला. बाहेर आला तं मान खाली. म्हणला, ती म्हणती मला कोणाला भेटायचं न्हाई. म्या म्हणलं, बराबर हाय तिचं. आन बाकावर बसलो. काल सायंकाळभर बसलो, आज सकाळपासून बसलो. रविंद्रचे वडील रामजी आले, काही न विचारता डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. ती म्या खाल्ली. आमच्या घरात त्यांच्या हातचं पाणीबी कोणी पेलं नसतं.

दुपारी रविंद्र दारात आला. दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. म्हणला, बाळाला बघून जा म्हणली. तिला न्हाई.

हातात दिलं. एवढंसं. दार उघडंच होतं, मधी हिरवा पडदा, पडद्याआड खाट. मला ठाऊक, ती तिथं हाय. म्या परवा टाइप केलं ते सगळं तोंडानं बोलायला लागलो. निता, तेरावं म्या घातलं. लेकरं किती विचारलंस, खोटं बोललो. कॉरिडॉरमधी बायका थांबल्या, नर्स थांबली. मला हुंदका आवरंना, हात हलायला लागले, लेकरू कुरकुरलं. नर्मदा पडद्याच्या फटीत उभी होती, तीबी पुढं झाली न्हाई. म्या म्हणलं, तू बोलू नको, मी रोज येईन, बाकावर बसीन.

तेव्हा आतून आवाज आला. सिझरमुळं बारीक, पण तिचाच.

"मान धरा तिची. मान लटकून राहिली."

बघितलं तं खरंच, माझ्या कोपराच्या बाहेर डोकं गेलं होतं. म्या तळहात तिच्या मानंखाली घातला.